हिरडाटोल्याच्या पोस्टरवरची रिकामी जागा

चौतीस चेहरे. नऊ प्रकारची अक्षरं. सात रंग. एकवीस चांदण्या, चार विजा, दोन मोर, एक समई, आणि समईच्या ज्योतीत डोळे बारीक करून पाहिलं तर नाटकाची तारीख. रिकामी जागा : शून्य चौरस सेंटिमीटर.

गेल्या वर्षीच्या पोस्टरचा हा हिशेब रंजिताने आलेखाचा पारदर्शक कागद वर ठेवून, चौकोन मोजून काढला होता. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली पोरगी! अंदाजपंचे बोलायची तिला सवय नव्हती. तिने पट्टी लावून अक्षरंही मोजली होती. उपाध्यक्ष बिसरामकाकांचं नाव बावीस मिलिमीटर उंच. नाटकाचं नाव चौदा मिलिमीटर. आणि वेळ? वेळ छापायचीच राहिली होती!

"म्हणून गेल्या साली अर्धा मंडप रिकामा राहिला," ती नाट्य मंडळाच्या सभेत ठणकावून म्हणाली. "लोक आलेच नाहीत असं नाही. काही दुसऱ्या दिवशी आले!"

सभा भरली होती रंजिताच्याच घरी, रस्त्याकडच्या खोलीत. दिवाळी झाली, धान कापायला आला, की आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक. ज्या गावाचा मंडप भरला त्या गावाच्या मिशा वर्षभर ताठ. २००९ सालच्या त्या मंडईला तर हिरडाटोल्याची पंचाईतच झाली होती, कारण शेजारच्या पळसटोल्यानेही नेमकी तीच रात्र धरली होती. त्यांच्या पोस्टरवर बावन्न फोटो होते. अध्यक्ष उदारामकाकांनी ते पाहिलं आणि दोन दिवस त्यांना भाकर गोड लागली नाही.

"आपन साठ टाकू!" ते म्हणाले.

"एकही नाही टाकायचा," रंजिता म्हणाली.

बाहेर बांधलेल्या म्हशीचंसुद्धा रवंथ थांबलं.

आता ही खोली म्हणजे रंजिताचा जीव. भंडाऱ्याच्या मामाने दिलेला जुना कॉम्प्युटर तिने इथे मांडला होता आणि दारावर पाटी लावली होती : 'रंजिता डिझाइन'. पण पाटी लागून दिवाळी गेली तरी गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. तिकडे बिसरामकाकांच्या कृषी केंद्राला युरियाची पोती ठेवायला जागा हवी होती, आणि त्यांचा डोळा याच खोलीवर होता. येता-जाता ते भिंती असे थोपटत, जसा काही बैल विकत घ्यायचा आहे. रंजिताचे वडील ताराचंद हे सरळ गृहस्थ. त्यांनी पोरीला सरळच सांगून टाकलं होतं, "हे मंडईच्या पोस्टरचं काम कर. मंडप भरला तं खोली तुही. नाई भरला तं युरियाची, अन् तू निमूटपने डी.एड.ले जाशीन."

"मंजूर!" रंजिता म्हणाली होती. "पण पोस्टर माझ्या मनासारखं होणार. त्यात कोणी बोट घालायचं नाही."

तर सभेत तिने बोट कोणालाच घालू दिलं नाही. फळ्यावर खडूने तिने तत्त्वं समजावून सांगितली. महत्त्वाची गोष्ट सगळ्यांत मोठी. अक्षरं एकाच जातीची. गडद रंग फिक्या रंगावर. ज्या गोष्टी जवळ ठेवाल त्या माणसाला एकमेकींच्या वाटतात, म्हणून ज्या खरंच एकमेकींच्या असतील त्याच एकत्र ठेवायच्या. आणि सर्वांत मोठं तत्त्व, मोकळी जागा!

"सगळे एकदम बोलले तर कोणाचं ऐकू येईल, काका?"

"आमच्या सभेत तसंच असते," उदारामकाका म्हणाले. "ज्याचा आवाज मोठा त्याचं."

"मग पोस्टरवर एकानेच बोलायचं. नाटकाने."

"अन् उद्घाटक? सहउद्घाटक? दीपप्रज्वलक? ते का गप बसतीन? पाहुण्याची एक तरी ओळ पाहिजे बाप्पा!"

एवढ्यावर मात्र ती वाकली. एक ओळ, बारीक अक्षरांत, खाली कोपऱ्यात : 'पाहुणे प्रत्यक्ष मंचावर'.

तिसऱ्या दिवशी तिने पडद्यावर पोस्टर दाखवलं. डाव्या बाजूला नाटकाचं नाव, 'वहिनी, माझा सातबारा द्या!', काळंभोर, हातभर. त्याखाली लाल अक्षरांत तारीख, वार, वेळ, ठिकाण. आणि उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरी स्वच्छ मोकळी जागा. उभी. साधारण माणसाच्या आकाराची.

उदारामकाकांनी ती जागा पाहिली. बिसरामकाकांनी ती जागा पाहिली. दोघांचेही चेहरे एकदम उजळले, जसे गावात वीज आल्यावर उजळतात. "वा!" उदारामकाका म्हणाले. "वा वा!" बिसरामकाका म्हणाले. दोघांनीही जाताना दाराआड रंजिताकडे पाहून एकेक डोळा मिचकावला. रंजिताला वाटलं, मोकळ्या जागेचं सौंदर्य कळायला माणूस शिकलेलाच असावा लागतो असं नाही!

दोघांनाही वाटलं होतं की ती जागा आपल्यासाठी ठेवली आहे. पण 'माझा फोटो कधी टाकतेस' असं तोंडाने विचारणं म्हणजे हावरेपणा. आपल्याकडे मोठा माणूस फोटोसाठी कधी विचारत नाही. तो फक्त स्टुडिओत जाऊन काढून ठेवतो. दोघेही त्याच संध्याकाळी केशोरीला जाऊन काढून आले.

गोंदियाच्या छापखान्यातून दुर्गेशचा फोन आला.

"मॅडम, आपका फोटो छूट गया है. फाइल में राइट साइड पूरी खाली है."

"सुटलेला नाही. खालीच छापा."

"पूरा खाली?"

"पूरा!"

"अरे मॅडम, इतने में तो पूरी कमेटी बैठ जाती!" दुर्गेश कळवळला. "एक मोर डाल दूँ? फ्री में?"

"मोर टाकलात तर कागद परत पाठवीन!"

पोस्टरं छापून आली. केशोरीच्या बस थांब्यावर, गिरणीवर, पानठेल्यांवर, आसपासच्या झाडून सगळ्या टोल्यांवर, वस्त्यांवर लागली. कोहमाऱ्याच्या चौफुलीवर तर धाब्यासमोर मोठा फ्लेक्सच चढला. बावन्न फोटोंच्या बाजारात ते पांढरं पोस्टर असं उठून दिसत होतं, की सायकलीवरचा माणूस वळून वळून पाहता पाहता रस्ता सोडून धानाच्या बांधीत जाई. रंजिता फ्लेक्ससमोर पावलं मोजत मागे मागे गेली. शंभर पावलांवरूनही नाव स्पष्ट! तिने रस्त्यातच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदारामकाका दारात. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो. काळा गॉगल, मागे काश्मीर.

"पोरी, मी काही म्हनत नाई," ते म्हणाले. "पन माहा फोटो छापखान्यात पोचला नाई वाटते."

"काका, तिथे फोटो नाहीच आहे."

"आता नाई. पन कोनाचा येऊन राहिला?"

"कोणाचाच नाही."

उदारामकाकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "बिसरामचा?"

"नाही हो! ती रिकामीच जागा आहे. मुद्दाम!"

"मुद्दाम," ते सावकाश म्हणाले. "समजलं."

अर्ध्या तासाने बिसरामकाका. यांचा फोटो कानाला मोबाइल लावलेला. तोच संवाद, तेच प्रश्न, फक्त "उदारामचा?" एवढाच फरक. यांनाही तेच उत्तर मिळालं, आणि यांनीही तसंच सावकाश म्हटलं, "समजलं." दुपारी पिंपळाखाली दोघांची गाठ पडली. आपल्यालाही नाही आणि याच्यासाठीही नाही, हे कळल्यावर दोघांच्याही मनात एकच विचार आला. आपल्या दोघांना बाजूला सारून जागा ठेवली, म्हणजे येणारा माणूस आपल्या दोघांपेक्षा मोठा असला पाहिजे!

संध्याकाळपर्यंत तो मंत्री झाला होता. रात्री जेवणाच्या वेळेला मुंबईची नटी. दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याच्या धाब्यावर ट्रकवाले पैजा लावत होते, की क्रिकेटवाला आहे. केशोरीत एकाने शपथेवर सांगितलं, की नागझिऱ्यात वाघ पाहायला उतरलेला कोणी तरी परदेशी राजपुत्र आहे, आणि त्याला दंडारीचा नाच अन् नाटक पाहायची फार हौस आहे.

"कोण येणार आहे ताई?" पाणी भरताना बायका विचारत.

"कोणी नाही!"

"हौ, हौ. सांगू नोको. तुले मना केलं असन."

रंजिता जितकं मोठ्याने "कोणी नाही" म्हणे, तितका पाहुणा मोठा होत जाई. विज्ञानात असं कधी होत नसे. तिथे एक गोष्ट दोनदा खरी सांगितली की ती दुप्पट खोटी ठरत नाही!

मग आले पोलिसांचे जमादार. पोस्टरसमोर मोटारसायकल लावून, टोपी काखेत धरून ते रंजिताच्या खोलीत शिरले. "बाई, व्हीआयपी कोन? मले बंदोबस्त लावा लागते."

"साहेब, व्हीआयपी नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमीच सांगितलं." त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरवर बोट ठेवलं. बोट खालच्या बारीक ओळीवर होतं : 'पाहुणे प्रत्यक्ष मंचावर'. मग ते बोट हळूहळू सरळ वर गेलं. ओळीच्या बरोबर डोक्यावर माणसाच्या आकाराची ती पांढरी जागा उभी होती. "हे पाहुने. अन् हे त्याहीची जागा. फोटो मंचावरच प्रत्यक्ष दिसन. होय का नाई?"

रंजिताने त्यांच्या बोटामागोमाग पोस्टर पुन्हा वाचलं. ज्या गोष्टी जवळ ठेवाल त्या एकमेकींच्या वाटतात! फळ्यावर तिनेच खडूने लिहिलं होतं! ओळ रेषेत बसावी म्हणून तिने ती उजवीकडे सरकवली होती, नेमकी मोकळ्या जागेच्या पायाशी. अख्ख्या तालुक्याने पोस्टर अगदी बरोबर वाचलं होतं.

"ती माझी चूक आहे, साहेब. पाहुणा खरंच कोणी नाही."

जमादारांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "गोपनीय. समजलं." जाताना त्यांनी तिला चक्क सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी मंडपाजवळ बांबूचे कठडे उभे राहिले आणि चार जास्तीचे शिपाई येऊन बसले. आता तर शंकेला जागाच उरली नाही!

संध्याकाळी उदारामकाका आणि बिसरामकाका हातात हात घालून आले. असे ते एकमेकांच्या लग्नांनंतर कधी दिसले नव्हते.

"पोरी, लोक दगडं मारतीन," उदारामकाका म्हणाले. "पाहुना नाई निंगाला तं खुर्च्या मोडतीन, उठून पळसटोल्याले जातीन. त्या जागेवर आमा दोघाचे फोटो चिकटव. वाद मिटला!"

"अर्धा अर्धा," बिसरामकाका म्हणाले. "मी मोबाइलचा हात कापून देतो."

ताराचंदही म्हणाले, "लाव वो बाई. दोन फोटोनं काय जाते?"

रंजिता उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज असा, की म्हशीनेही मान वळवली. "एकही फोटो लागणार नाही! चूक ओळीची आहे, जागेची नाही! ओळ मी झाकते. जागेला कोणी हात लावला तर याद राखा!"

"जा, माय," आतून कलाबाई म्हणाली. रंजिताची आई एरवी अशा भानगडीत बोलत नसे. "खळ मी करून देतो."

मग मायलेकींनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, मैद्याची खळ शिजवली, आणि सायकलवर फिरून रंजिताने एकेका पोस्टरवरची ती ओळ झाकून टाकली. कोहमाऱ्याला एसटीने जाऊन, धाब्याची शिडी मागून, फ्लेक्सवरसुद्धा पट्टी मारली. आता कसं? जागा आहे, ओळ नाही. दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. शास्त्रशुद्ध दुरुस्ती!

ती परत येईपर्यंत तालुक्यात बातमी होती : पाहुण्याचं नाव छापलं होतं, वरून दाब आला, नाव झाकलं!

लोक नखांनी पट्ट्या खरवडू लागले. काहींनी ओलं फडकं लावलं. पट्टीबरोबर खालची ओळही निघून यायची, आणि उरायचा एक गूढ पांढरा डाग. त्या डागात कोणाला 'म' दिसला, कोणाला 'श'. पळसटोल्याचे अध्यक्ष शालीकराम स्वतः फटफटीवर येऊन रंजिताला गाठून गेले. बावन्न फोटोंतला सगळ्यांत मोठा फोटो त्यांचा होता.

"बाई, तुमचा पाहुना तुमच्याकडे सात वाजता येईन. आठले आमाले अर्धा घंटा द्या. आमी सोडून देऊ."

"काका, पाहुणा नाहीच!"

"पंधरा मिनिटं द्या," शालीकराम म्हणाले.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारपासूनच बैलबंड्या, टेम्पो, जीपा, ट्रॅक्टर. केशोरीकडून आले, अर्जुनीकडून आले, देवरीकडून आले. पळसटोल्याचे लोकसुद्धा आले, शेवटी त्यांचे शालीकरामही आले! खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, मग लोक कठड्यांवर बसले. फाटकावर रंजिता उभी होती. तिला तेवढ्या गर्दीतही राहवलं नाही. आत जाणाऱ्या दर दहाव्या माणसाला थांबवून ती एकच प्रश्न विचारत होती, "कशामुळे आलात?" आणि उत्तराची खूण कागदावर करत होती. नमुना घ्यायचा तर शिस्तीत घ्यायचा!

सात वाजले. आठ वाजले. पडद्यामागे नट रंग लावून घामाने भिजले. "पाहुना! पाहुना!" मंडप ओरडू लागला. मागच्या रांगेत खुर्च्या आपटू लागल्या. काही लोक उठून दाराकडे निघाले. बिसरामकाकांनी ताराचंदच्या कानाशी लागून म्हटलं, "उद्या सकारी पोते उतरवतो. चाबी देऊन ठेवजा."

उदारामकाकांनी रंजिताला मंचाकडे ढकललं. "तू केलं, तू निस्तर!"

ती चढली. माइकने एक किंकाळी फोडली, आणि मंडप गप्प झाला.

"पाहुणा नाही!" रंजिता म्हणाली. "नव्हताच! ती जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली. गेल्या वर्षी चौतीस फोटो होते. एकाने तरी नाटकाची तारीख वाचली होती का? यंदा सगळे बरोबर दिवशी, बरोबर वेळी, बरोबर मंडपात आलात की नाही?"

"फसवलं!" मागून एक आवाज आला.

"फसवलं नाही! रोज सांगत होते, कोणी नाही म्हणून! तुम्हालाच रिकामी जागा बघवत नाही!" तिने माइक आणखी जवळ ओढला. "दोन आठवडे जो तो खिशात फोटो घेऊन फिरतो आहे. बरं! ज्याला ज्याला वाटतं ती जागा आपली होती, त्याने वर यावं आणि बसावं! आत्ता! मी नाही अडवत!"

तिला वाटलं, लाजेने सगळ्यांच्या माना खाली जातील.

पहिले उदारामकाका चढले. त्यांच्या पाठोपाठ बिसरामकाका. मग सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, माजी सरपंच, आजी सरपंचांचे यजमान, पतसंस्थेचे दोन संचालक, राशन दुकानदार आणि शालीकराम. मंच करकरला. तरी माणसं चढतच होती. जमादारही चढले, गर्दी आवरायला म्हणून, पण वर गेल्यावर टोपी नीट करून मधोमध उभे राहिले. मंचावर एक चौरस वीतसुद्धा रिकामी उरली नाही. एवढ्यात नाटकाची वहिनी आपली एंट्री आली समजून विंगेतून हातात सातबारा घेऊन धावत आली आणि थेट बिसरामकाकांवर आदळली. डावीकडची फळी कडाडकन मोडली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, वहिनी आणि सातबारा कमरेपर्यंत खाली गेले!

मंडपाला वाटलं, नाटक सुरू झालं. आणि काय नाटक! असा हशा हिरडाटोल्यात पूर्वी कधी झाला नव्हता. शिट्ट्या, टाळ्या, 'वन्स मोअर'! दाराकडे निघालेले धावत परतले आणि पुन्हा सतरंजीवर बसले. उदारामकाका फळीच्या भोकातूनच हात जोडत होते, आणि लोक म्हणत होते, "हा नट झकास हाये बे!"

फळी ठोकून खरं नाटक सुरू झालं, तेव्हाही एक माणूस उठला नाही.

सकाळी बिसरामकाका कमरेला हळद लावून, काठी टेकत ताराचंदच्या दारात आले. पोत्यांचा ट्रॅक्टर मागे उभा होता.

"खोलीचं काय, ताराचंदभाऊ?"

"मंडप भरला जी," ताराचंद म्हणाले. "युरियाले दुसरं घर पाहा."

"पन तो कायनं भरला? पोस्टरनं भरला का?"

"पोस्टरनंच!" रंजिता आतून ओरडली. "मोजलं आहे मी!"

"मंग सांग ना, किती निंगाले?"

ती रात्रीचा कागद घेऊन दारात आली आणि खुणा मोजू लागली. विचारलेली माणसं एकशे अठरा. पाहुणा पाहायला आलेली एक्क्याण्णव. दरवर्षी येतात म्हणून आलेली वीस. पळसटोल्याचा मंडप रिकामा दिसला म्हणून इकडे वळलेली पाच. पोस्टर छान दिसलं म्हणून आलेली दोन, त्यांत एक कलाबाई.